शेतात सापडलेले बटण

वडवणीकडच्या एका विद्यार्थ्याने मागे मला पितळेचे एक बटण आणून दिले. कुळवाची पाळी घालताना ढेकळातून वर आलेलं. घरच्यांनी ते चिंच लावून लखलखीत घासलं होतं. "सर, आमच्या शेतात लढाई झाली असंल का?" हा त्याचा प्रश्न.

असे बटण हाती आले की आधी मुगुट पाहावा. त्याच्या कमानी मध्यभागी दबलेल्या असतील तर ते राणी व्हिक्टोरियाच्या काळचे, म्हणजे १९०१ पर्यंतचे. घुमटासारख्या वर चढलेल्या असतील तर पुढच्या राजांच्या वेळचे. मुगुटाऐवजी अशोकस्तंभाचे सिंह असले तर १९५० नंतरचे. मग बटण उलटावे. कडीभोवती पुष्कळदा कारखानदाराचे नाव आणि लंडन किंवा बर्मिंगहॅम असे गाव कोरलेले असते.

राहिला आकडा. आपल्याच जिल्ह्यात मोमिनाबादला, म्हणजे अंबाजोगाईला, हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. पैसा निजामाचा, हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा, अशी ती फौज. १९०३ मध्ये ती हिंदी सैन्यात मिळवली गेली आणि तिच्या पायदळाला ९४ ते ९९ हे आकडे मिळाले. १९२२ मध्ये तेही गेले व १९ वी हैदराबाद रेजिमेंट उभी राहिली. तिलाच १९४५ मध्ये कुमाऊँ हे नाव मिळाले. मात्र नुसत्या आकड्यावर जाऊ नये. गोऱ्या पलटणीही १८८१ पर्यंत आकड्यांनीच ओळखल्या जात, आणि त्यांच्यातही एक ९४ वी होती! मुगुट व आकडा एकत्र वाचावा.

त्या मुलाच्या बटणावर मुगुट घुमटी होता. आकड्यातला नऊ तेवढा दिसत होता. पुढचा अंक चिंचेने आणि राखेने खाल्ला होता. पलटण गेली ती गेलीच.

आणि लढाई? बटण घडवले केव्हा ते कळते, पडले केव्हा ते नव्हे. पेन्शनीत आलेल्या शिपायाचा कोट पुढे थंडीत सालगडीही घालतो, बटण तुटून बांधावर पडते.

गुरुजींना एवढीच विनंती, की मुलांनी आणलेली वस्तू घासू देऊ नका. मातीसकट कागदात गुंडाळून गट नंबर, खोली व तारीख लिहा. धातुशोधक यंत्र घेऊन संरक्षित गढी-किल्ल्यांवर विनापरवाना उकरणे तर गुन्हाच आहे. आणि जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरांना कळवावे लागते.

मुलगा आता त्याच तासात खुरपे घेऊन बसतो. दुसरे बटण अजून मिळालेले नाही.