विलगीकरण कोणासाठी?

संसर्गजन्य रोग म्हटला की रोग्याला वेगळे ठेवायचे, ही रीत जुनी आहे. देवीसारख्या रोगात तिला शास्त्रीय आधार होता. पण तीच रीत एचआयव्हीला लावली तेव्हा काय घडले?

गोव्याच्या १९८५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात दुरुस्ती होऊन बाधितांना सक्तीने वेगळे ठेवण्याची तरतूद आली. डॉमिनिक डिसोझा या तरुणाची बाधा रक्तदानातून उघडकीस आली. फेब्रुवारी १९८९ मध्ये त्यांना म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात नेले आणि ६४ दिवस तेथे कोंडून ठेवले. त्यांच्या आईने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली.

हा विषाणू असुरक्षित लैंगिक संबंध, बाधित रक्त, दूषित सुया आणि आईकडून बाळाला, अशा मार्गांनी पसरतो. हवेतून किंवा स्पर्शाने पसरत नाही. मग कोंडून काय साधणार? उलट कोंडले जाण्याच्या भीतीने लोक तपासणीच टाळतील.

अमेरिकेने बाधितांवरील १९८७ ची प्रवेशबंदी २०१० मध्ये उठवली. भारतात २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. बाधेमुळे संचार व निवासाचा हक्क नाकारण्यास आणि रुग्णाला वेगळे टाकण्यास त्याने मनाई केली.

विलगीकरण शिकवताना वर्गात पहिला प्रश्न हाच असावा: हा रोग पसरतो कसा?