शीतन पंखा, डिझेल ट्रकचा : क्लच पंख्याऐवजी विद्युत पंखे

डिझेल ट्रकच्या इंजिनावर क्लचमार्फत फिरणारा रेडिएटरचा पंखा काढून त्या जागी विजेच्या मोटरवर चालणारे पंखे बसवणे, असा हा फेरबदल आहे. मोटारगाड्यांत विद्युत पंखा सर्रास आढळतो आणि हलक्या पिकअपवरही हा बदल नीट साधतो. माल भरलेल्या जड ट्रकवर मात्र तो बहुधा अपुरा पडतो. कडक उन्हाळा आणि मोठी मालवाहतूक असलेल्या सोलापूर जिल्ह्यात हा फरक जाणून घेणे विशेष गरजेचे आहे.

क्लच पंख्याची रचना : जुन्या बनावटीच्या अनेक ट्रकांत पंखा पुलीला घट्ट जोडलेला असे. इंजिन चालू असेपर्यंत तो गरज असो वा नसो, फिरतच राही. क्लच पंख्यातील व्हिस्कस क्लचमध्ये मात्र फिरता दांडा आणि पंखा यांच्यामध्ये सिलिकॉन तेल असते. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की क्लचच्या तोंडावरची द्विधातू पट्टी वळते व तेलाची वाट उघडते. तेलाच्या दाटपणामुळे पंखा दांड्याबरोबर ओढला जातो. हवा निवली की तेल साठवण कप्प्यात परतते आणि पंखा मंद होतो. वाहनांच्या धुरासाठीचे बीएस-६ मानक १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. त्यानंतरच्या अनेक ट्रकांत हे नियंत्रण पट्टीऐवजी ईसीयूकडे, म्हणजे इंजिनाच्या संगणकाकडे असते.

बदलामागील हेतू : पंख्याला लागणारी शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग २० टक्क्यांनी उतरला तर शक्ती जवळजवळ निम्म्यावर येते. पूर्ण वेगाने फिरणारा मोठा पंखा इंजिनाचे कित्येक किलोवॉट खातो, ते वाचावेत हा या बदलाचा मुख्य हेतू असतो. शिवाय विद्युत पंख्याचा वेग इंजिनाच्या फेऱ्यांवर अवलंबून नसतो, त्यामुळे टोलनाक्याच्या रांगेत उभ्या गाडीलाही तो पुरेशी हवा देतो. परंतु सुस्थितीतील क्लच पंखाही गरजेपुरताच पकडतो, आणि मोकळ्या रस्त्यावर समोरून येणारा वाराच बहुतेक काम करतो. त्यामुळे घट्ट जोडलेला पंखा काढल्यास बचत जाणवते, चांगला क्लच पंखा काढल्यास ती थोडीच असते.

सोलापूरची परिस्थिती : पुणे–हैदराबाद (राष्ट्रीय महामार्ग ६५) आणि धुळे–विजयपूर (राष्ट्रीय महामार्ग ५२) हे रस्ते सोलापुरात मिळतात. एप्रिल-मे महिन्यांत येथील पारा ४० °से.च्या वर जातो. शीतकाचे (कूलंटचे) तापमान ९५ °से. धरले, तर २५ °से.च्या हवेत दोहोंतला फरक ७० अंशांचा असतो. ४२ °से.च्या हवेत तो ५३ अंशांवर येतो, म्हणजे तेवढ्याच हवेत रेडिएटरची उष्णता टाकण्याची क्षमता सुमारे एक-चतुर्थांशाने घटते. खरी कसोटी चढावर लागते. तुळजापूरचा घाट किंवा मुंबईच्या वाटेवरचा बोरघाट भरल्या गाडीने चढताना इंजिन पूर्ण जोर लावते, गाडीचा वेग मात्र मंद असतो. तेव्हा समोरचा वारा मिळत नाही आणि सगळा भार पंख्यावर पडतो. गळीत हंगामात उसाचे पाचट आणि धूळ रेडिएटरच्या जाळीत अडकून हवेची वाट आणखी अडवतात.

उष्णतेचा व विजेचा हिशेब : सुमारे २०० अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भारावर १५० किलोवॉट शक्ती देते. त्या वेळी शीतकातून ९० किलोवॉट उष्णता बाहेर टाकायची आहे आणि हवा रेडिएटरमधून जाताना ३० अंशांनी तापते असे धरू. त्यासाठी सेकंदाला सुमारे २.७ घनमीटर हवा लागते. सुमारे ४० सेंमी. व्यासाचा विद्युत पंखा मोकळ्या हवेत सेकंदाला एक घनमीटरच्या आतच हवा ढकलतो. कंडेन्सर, इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्या थरांतून ओढताना हे प्रमाण बरेच खाली येते. यांत्रिक पंख्याइतके काम विजेवर करण्यासाठी ८ किलोवॉट लागले, तर २८ व्होल्टला जवळपास २८५ अँपिअर प्रवाह हवा. ८० अँपिअरचा अल्टरनेटर सव्वादोन किलोवॉटच देऊ शकतो, आणि त्यातूनच दिवे व बॅटरीचीही गरज भागवायची असते. शिवाय अल्टरनेटरही इंजिनावरच फिरतो, त्यामुळे ही वीज फुकट मिळत नाही.

जोडणी : हलक्या वाहनावर बदल करताना पंखे रेडिएटरच्या मागे, हवा खेचतील असे बसवतात. कडांतून हवा निसटू नये म्हणून संपूर्ण जाळी झाकणारे काउल लागते. तापमान-स्विच, प्रत्येक पंख्याला स्वतंत्र रिले व फ्यूज, जाड तांब्याची केबल आणि पक्के अर्थिंग आवश्यक असते. दोन पंखे असल्यास ते दोन वेगळ्या तापमानांना सुरू होतील अशी मांडणी करतात. एसी असल्यास पंखा एसीच्या दाबालाही जोडावा लागतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व जड ट्रकांच्या केबिनमध्ये एसी बंधनकारक झाल्याने ही बाब आता महत्त्वाची आहे. बीएस-६ गाडीचा ईसीयू-नियंत्रित क्लच काढल्यास दोषाची नोंद होऊन इशारा-दिवा लागू शकतो.

रेल्वेतील उदाहरण : भारतीय रेल्वेत १९६२ पासून आलेल्या डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिनात रेडिएटरचा पंखा एडी-करंट क्लचमार्फत फिरे. पुढील पिढीच्या डब्ल्यूडीजी-४ इंजिनात पंख्यांना स्वतंत्र विद्युत मोटर आली, पण तिला वीज पुरवण्यासाठी इंजिनावर पुरेशा क्षमतेचा अल्टरनेटरही आला. वीजनिर्मिती त्या मापाची असेल तर विद्युत पंखे अवजड इंजिनालाही पुरतात, हे यातून दिसते.

तपासणी व निवड : गाडी तापते म्हणून पंखा बदलण्याआधी रेडिएटरची जाळी, थर्मोस्टॅट, बेल्टचा ताण, कूलंटची पातळी आणि काउल तपासावे. क्लचच्या तोंडावर तेलाचे ओघळ असतील, किंवा तापलेले इंजिन बंद केल्यावरही पंखा बराच वेळ सैल फिरत राहत असेल, तर क्लच निकामी झालेला असतो आणि तो बदलणे पुरते. इंजिन बंद असताना, आणि ते थंड असेल तेव्हाच, पंख्याला हात लावावा. पिकअप व छोट्या टेम्पोसाठी नीट जोडलेले विद्युत पंखे योग्य आहेत. घाटातून भरला माल वाहणाऱ्या जड ट्रकवर मूळ क्लच पंखा सुस्थितीत राखावा. विद्युत पंखा लावायचाच असेल तर तो केवळ एसीच्या कंडेन्सरसाठी, जोड म्हणून लावावा.