जसे आहे तसे: जपानच्या मोरिता उपचाराचा इतिहास

जपानी मनोविकारतज्ज्ञ शोमा मोरिता यांनी १९१९ मध्ये तोक्योतील आपल्या राहत्या घरी रुग्ण ठेवून घ्यायला सुरुवात केली. सततची धास्ती, छातीत धडधड, उडालेली झोप, चारचौघांत जाण्याची भीती अशा तक्रारींवर त्यांनी बसवलेली पद्धत पुढे त्यांच्याच नावाने ओळखली गेली. त्रास देणाऱ्या भावनेचे करायचे काय, या प्रश्नाचे तिचे उत्तर त्या काळच्या युरोप-अमेरिकेतील उत्तरांहून निराळे होते. ते जपानमध्ये का रुजले, याचा उलगडा तिथल्या समाजरीतीत होतो.

मोरितांचा जन्म १८७४ मध्ये शिकोकू बेटावरील कोची भागात झाला. लहानपणी देवळात नरकयातनांचे चित्र पाहिल्यापासून मरणाच्या भीतीने त्यांची पाठ धरली. वैद्यकशास्त्र शिकत असताना ‘न्यूरॅस्थेनिया’, म्हणजे मज्जातंतूंची दुर्बलता, हे निदान झाले. परीक्षा तोंडावर आलेली आणि घरून पैसे येईनात. त्या उद्वेगात त्यांनी औषधे सोडली आणि जिवाची पर्वा न करता अभ्यासाला जुंपून घेतले. परीक्षा उत्तम गेली, दुखणेही हटले. आपल्या लक्षणांवर टक लावून बसले की ती बळावतात, हा त्यांच्या सिद्धान्ताचा गाभा याच अनुभवातला आहे.

अमेरिकेतील डॉक्टर सायलस वेअर मिचेल यांचा विश्रांती-उपचार मोरितांना ठाऊक होता. थकलेल्या नसा भरून याव्यात म्हणून त्यात अंथरूण, सकस आहार आणि मालिश असे. मोरितांनी अंथरूण घेतले, हेतू मात्र पार बदलला. सुमारे आठवडाभर रुग्णाने एकट्याने पडून राहायचे. जेवण आणि देहधर्म सोडले तर उठायचे नाही, वाचायचे नाही, कोणाशी बोलायचे नाही. पहिला दिवस सुखाचा जातो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी साऱ्या काळज्या एकदम अंगावर येतात, पळायला वाट नसते आणि समजूत घालायलाही कोणी येत नाही. चिंता शिगेला पोहोचते आणि आपली आपण ओसरते. मग कंटाळा येतो, हात काहीतरी करायला शिवशिवू लागतात. तिथून पुढे बागेतली हलकी कामे, नंतर अंगमेहनतीची, शेवटी घरी परतण्याची तयारी. रोज रात्री रोजनिशी लिहायची. तिच्यावर डॉक्टर लाल शाईने शेरे मारत. भीतीच्या लांबलचक वर्णनांना तिथे दाद मिळत नसे, दिवसभरात हातून काय झाले याला महत्त्व असे.

या पद्धतीला भावना दडपण्याचे शिक्षण म्हणणे अन्यायाचे ठरेल. भीती वाटते ना, वाटू द्या आणि हातातले काम करा, असे ती सांगते. भावना जशी आहे तशी राहू द्यायची, या शिकवणीला ‘आरुगामामा’ म्हणतात. झेन बौद्ध परंपरेच्या सहवासात वाढलेल्या समाजाला ती परकी वाटली नाही. रुग्णांचे दुखणेही त्याच मातीतले होते. ‘ताइजिन क्योफुशो’ या विकारात आपले लाजणे, आपली नजर किंवा अंगाचा वास यांचा समोरच्याला त्रास होईल, ही भीती असते. स्वतःची फजिती होईल यापेक्षा दुसऱ्याला अवघडल्यासारखे होईल, ही चिंता मोठी.

मोरितांना विरोधही घरचाच होता. सेंदाई येथील प्राध्यापक कियोयासु मारुई हे फ्रॉइडवादी. विद्वत्सभांमधून दोघांचे खटके वर्षानुवर्षे उडत राहिले. भावनेचे मूळ खणून ती शब्दांत आणली पाहिजे, हा मनोविश्लेषणाचा आग्रह मोरितांना मुळीच मान्य नव्हता. १९३८ मध्ये त्यांचे निधन झाले. ताकेहिसा कोरा आदी शिष्यांनी काम पुढे नेले.

भावनेचे करायचे काय, हा प्रश्न अमेरिकी प्रयोगशाळांत बराच उशिरा आला. जेम्स ग्रॉस आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात दाखवले की चेहऱ्यावर भावना दिसू न देण्याने आतली अप्रिय भावना कमी होत नाही, शरीरावरचा ताण मात्र वाढतो. हा मनुष्यस्वभावाचा नियमच मानला जाऊ लागला होता. २००७ मध्ये एमिली बटलर, टिआन ली आणि ग्रॉस यांनी अमेरिकेतील स्त्रियांचा अभ्यास केला. आशियाई मूल्ये मानणाऱ्यांमध्ये भावना आवरण्याचा अप्रिय भावनांशी असलेला संबंध क्षीण आढळला. होजे सोतो आणि सहकाऱ्यांच्या २०११ च्या तुलनेत युरोपीय वंशाच्या अमेरिकनांमध्ये अशा आवरण्याबरोबर खिन्नता आणि असमाधान दिसले. हाँगकाँगच्या चिनी विद्यार्थ्यांमध्ये तसा संबंध दिसला नाही. जिथे मन मोकळे करणे हा खरेपणाचा पुरावा मानला जातो, तिथे गप्प राहणाऱ्याला आपण खोटे वागतो आहोत असे वाटते. जिथे आवरणे म्हणजे समोरच्याची बूज राखणे, तिथे तीच गप्प बसण्याची कृती मनाला डाचत नाही. निष्कर्षांचा हाच अर्थ सर्वाधिक पटणारा आहे.

मोरितांची पद्धत या दडपण्याहून वेगळी. पण भावनेवरचा उपाय समाजाच्या चालीरीतींपासून तोडून तपासता येत नाही, हे तिच्या इतिहासातूनही दिसते. जपानमध्येही काळ बदलला. आठवडाभर अबोल पडून राहण्याचा निवासी उपचार आता थोड्याच ठिकाणी उरला आहे. बहुतेक रुग्ण बाह्यरुग्ण म्हणून येतात, डॉक्टरांशी पूर्वीपेक्षा अधिक बोलतात. रोजनिशी मात्र अजून लिहिली जाते.