नवं-जुनं

आमच्या घरी सुप्याच्या दंग्याची गोष्ट आजोबा सांगायचे. त्यांनी ती त्यांच्या आजोबांकडून ऐकलेली. बाजारचा दिवस, आसपासच्या गावांतून जमलेले कुणबी आणि चव्हाट्यावर पेटलेल्या सावकाराच्या वह्या. "माणसाला हात नाय लावला, कागद तेवढा मागितला," हे ते दरवेळी ठासून सांगत. दुकानं लुटली गेली, एवढं मात्र सोयीनं गाळत.

तारीख त्यांना ठाऊक नव्हती. ती 12 मे 1875. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं, आता बारामतीत आहे. तिथून दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. सरकारने आयोग नेमला, आणि त्याच्या अहवालाने आजोबांची बाजू बरीचशी उचलून धरली: लोकांचा रोख होता तो कर्जरोख्यांवर आणि कोर्टाच्या हुकूमनाम्यांवर.

कारण विचारलं की आजोबांचं उत्तर एकच, "सावकार." मला ते अपुरं वाटतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा उधारी सढळ झाली. 1865 मध्ये युद्ध थांबलं आणि भाव कोसळले. त्याच सुमारास 1836 च्या इंदापूरच्या पाहणीपासून सुरू झालेल्या जमाबंदीची तीस वर्षांची मुदत सरली आणि नवा सारा भरमसाट वाढला. त्यात 1859 च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्याला तीनच वर्षांचं आयुष्य दिलेलं. कायदा केला होता ऋणकोच्या भल्यासाठी, पण घडलं उलटंच. मुदत संपण्याआधी सावकार नवा रोखा लिहून घ्यायचा, थकलेलं व्याज मुद्दलात घालायचा, आणि खाली कुणब्याची नांगराची निशाणी. दहा रुपयांचं कर्ज बापाच्या हयातीत फिटत नसे, त्याचं मर्म हे.

दंग्यानंतर आलेल्या 1879 च्या कायद्याने कोर्टाला रोख्यामागचा मूळ व्यवहार तपासायची मुभा दिली. आमची मिरासी जमीन तरी सावकाराच्या घशात गेली नाही. ती खाल्ली वाटण्यांनी. आजोबांच्या आठवणीतला अखंड मळा आता बांधाबांधांत विभागलाय, आणि त्या बांधांवरून भावकी कोर्टात.

सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात आज सोसायटीचा बोजा आहे. पीककर्ज वेळेत फेडलं तर व्याजात सवलत मिळते, म्हणून मार्चअखेर चार दिवसांसाठी हातउसने आणून भरायचे आणि लगेच नवं कर्ज उचलायचं. गावात याला नवं-जुनं करणं म्हणतात. कागद जाळून मिटणारी ही गोष्ट नव्हती, हे आजोबांना कुणीतरी सांगायला हवं होतं.