चीज-कांद्याचा पट्टी समोसा

रमजानमध्ये मुंब्र्याहून पट्टी आली की आमच्या कल्याणच्या घरात अम्मीची कुरकुर सुरू होते: "समोसा म्हणजे खिमा. हे चीज कुठून आलं?"

चीज शेजारच्या काकूंसाठी. त्या शाकाहारी. दर ईदला येतात, पण पूर्वी नुसतं शरबत पिऊन जायच्या. ते मला खटकायचं.

म्हणून मी अम्मीला इतिहास ऐकवतो. बगदादमध्ये १२२६ साली लिहिलेल्या पाककृतींच्या अरबी ग्रंथात 'संबूसज' आहे, तिळाच्या तेलात तळलेला. पुढच्या शतकात इब्न बतूताने मुहम्मद बिन तुघलकाच्या दरबारी समोसा पाहिला. त्यात खिम्याबरोबर बदाम, अक्रोड, पिस्ते आणि कांदा होता. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'तही 'सनबूसा' सापडतो. बटाटा मात्र या कुणाच्याच समोशात नाही. तो अमेरिकेतला, आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आलेला. म्हणजे आज नाक्यानाक्यावर ज्याला 'असली समोसा' म्हणतात, तो उशिरा आलेला पाहुणाच. मग चीजवरच एवढा राग का? कांदा तर जवळजवळ सातशे वर्षं जुना आहे!

अम्मीला बगदादचं फारसं कौतुक नाही. तिचं लक्ष कांद्यावर. मीठ लावून तो घट्ट पिळला नाही तर पाणी सुटतं, पट्टी मऊ पडते आणि चीज कढईत उतरतं. गेल्या ईदला मी पिळायला विसरलो. तिने काही न बोलता ताट ओढून घेतलं, कांदा पिळला, मैद्याची लेई बोटावर घेतली आणि काकूंचे बारा समोसे स्वतः बंद केले.