'तो आपला का?' : आयरिश क्रीडागप्पांतील आपलेपणाचा इतिहास

राष्ट्र म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर आपण सहसा राज्यघटनांत, जाहीरनाम्यांत आणि हुतात्म्यांच्या चरित्रांत शोधतो. आयर्लंडपुरते बोलायचे तर आणखी एक साधन अभ्यासकाच्या हाताशी आहे. ते म्हणजे खेळाडूंविषयीच्या रिकामपणच्या गप्पा. पबमध्ये किंवा सामन्याहून परतणाऱ्या गाडीत एखाद्या खेळाडूचे नाव निघते, त्याच्या खेळावर दोन-चार वाक्ये होतात आणि मग बोलणे त्याच्या घराकडे वळते. तो कुठला, कुणाचा मुलगा, त्याची आई कोणत्या गावची? या चौकशीच्या तळाशी एकच प्रश्न असतो : तो आपला का? मैदानात कोणी उतरायचे हे नियम ठरवतात. 'आपला' कोण हे मात्र या गप्पांत ठरते. ही दोन उत्तरे नेहमी जुळत नाहीत, आणि ती जिथे जुळत नाहीत तिथे आयरिश समाजाचा इतिहास वाचता येतो, असे आम्हांला वाटते.

या चौकशीची रीत समजून घ्यायची तर १८८४ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी १ नोव्हेंबरला टिपरेरी काउंटीतील थर्ल्स गावच्या एका हॉटेलात मोजकी माणसे जमली आणि 'गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन' स्थापन झाली. तिचा मुख्य प्रवर्तक मायकेल क्यूसॅक हा क्लेअर काउंटीत जन्मलेला शिक्षक. तो स्वतः क्रिकेट आणि रग्बी खेळलेला होता. पण इंग्रजी खेळांबरोबर इंग्रजी मनोवृत्तीही अंगी भिनते, अशी पुढे त्याची खात्री झाली. संघटनेने हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल हे खेळ नियमबद्ध केले. त्याहून दूरगामी ठरली ती तिची रचना. क्लब पॅरिशचा, म्हणजे एका चर्चच्या पंचक्रोशीचा. त्यावर काउंटीचा संघ. आणि सर्वांत वर डब्लिनच्या क्रोक पार्कवरचा अखिल आयर्लंड अंतिम सामना. खेळाडूला मोबदला नाही. ऐंशी हजार प्रेक्षकांसमोर रविवारी खेळलेला माणूस त्याच आठवड्यात शाळेत शिकवायला किंवा गोठ्यातल्या गाई पिळायला हजर असतो. साहजिकच त्याच्याविषयीचे बोलणे हे शेजाऱ्याविषयीचे बोलणे असते. त्यात अभिमान असतो आणि कुचाळकीही असते. चुकलेल्या फटक्याचे कारण आजोबांच्या स्वभावात शोधले जाते.

या आपलेपणाला कुंपणही होते. क्रिकेट, रग्बी, फुटबॉल आणि हॉकी हे 'परके' खेळ खेळणाऱ्याला, इतकेच नव्हे तर ते पाहायला जाणाऱ्यालाही संघटनेतून काढून टाकण्याचा नियम होता. अशा सामन्यांना कोण जातो हे टिपण्यासाठी दक्षता समित्या नेमल्या जात. या नियमाची परिसीमा १९३८ मध्ये झाली. डग्लस हाइड हा 'गेलिक लीग'च्या संस्थापकांपैकी एक, आयरिश लोकगीतांचा संग्राहक आणि त्या वर्षी निवडलेला आयर्लंडचा पहिला राष्ट्राध्यक्ष. राष्ट्रप्रमुख या नात्याने तो नोव्हेंबरमध्ये आयर्लंड-पोलंड हा फुटबॉल सामना पाहायला गेला, आणि संघटनेने त्याला आश्रयदात्याच्या पदावरून दूर केले. ज्याने आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी हयात वेचली तो दीड तासाच्या फुटबॉलमुळे पुरेसा आयरिश उरला नाही. हा नियम रद्द व्हायला १९७१ साल उजाडावे लागले. तोवर कित्येक जण खोट्या नावाने फुटबॉल खेळत, आणि गावाला ते ठाऊक असे. नियमाने परके ठरवलेल्यांना गप्पांनी आपले म्हणून सांभाळून घेतले होते.

साहित्याच्या विद्यार्थ्याची क्यूसॅकशी गाठ बहुधा जेम्स जॉइसच्या 'युलिसिस'मध्ये (१९२२) पडते. 'सायक्लॉप्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकरणातला 'सिटिझन' बव्हंशी क्यूसॅकवरून बेतलेला आहे, असे अभ्यासक मानतात. १६ जून १९०४ ची सायंकाळ. बार्नी कीर्ननच्या पबमध्ये मंडळी जमली आहेत. हर्लिंग, गोळाफेक, मुष्टियुद्ध आणि इंग्रजाळलेल्यांचे टेनिस असे विषय निघतात. लिओपोल्ड ब्लूम मध्येच अतिव्यायामाचे दुष्परिणाम सांगतो, टेनिसची बाजू घेतो आणि सगळ्यांच्या डोक्यात जातो. ब्लूमचा जन्म डब्लिनचा, बाप हंगेरीतून आलेला ज्यू. त्याला राष्ट्राची व्याख्या विचारली जाते. एकाच ठिकाणी राहणारे लोक म्हणजे राष्ट्र, असे तो सांगतो. त्यावर हशा पिकतो. तेव्हा वेगवेगळ्या ठिकाणी राहणारेही, अशी तो पुस्ती जोडतो. तुझे राष्ट्र कोणते, या प्रश्नाला त्याचे उत्तर असते, की आयर्लंड, कारण मी इथे जन्मलो. ते उत्तर सिटिझनला इतके अपुरे वाटते की तो थुंकतो.

या प्रसंगातील एक धागा वर्गात बऱ्याचदा निसटतो. ब्लूमविरुद्धचा राग अखेर पेटतो तो घोड्यांच्या शर्यतीवरून. त्या दिवशी अ‍ॅस्कटच्या गोल्ड कपमध्ये 'थ्रोअवे' हा घोडा एकास वीस या भावाने खरोखरच जिंकला होता. सकाळी ब्लूम हातातले वर्तमानपत्र फेकून द्यायचेच आहे, असे सहज म्हणतो आणि ऐकणारा ती घोड्याची सूचना समजतो. ही अफवा पबपर्यंत पोचते. ब्लूमने बक्कळ पैसे जिंकले आणि तरी तो कुणाला पेला पाजत नाही, असा समज पसरतो. सिटिझन अखेर त्याच्यामागे बिस्किटांचा डबा भिरकावतो. क्रीडागप्पांचा सैलपणा किती सहज हिंस्र होऊ शकतो, हे जॉइसने इथे नेमके पकडले आहे. ब्लूमची ती दुपदरी व्याख्या मात्र वाचकाने लक्षात ठेवावी. पुढच्या शतकात तिचे दोन्ही भाग क्रीडांगणावरच तपासले गेले.

आधी तपासला गेला तो दुसरा भाग : वेगवेगळ्या ठिकाणी राहणारे. एकोणिसाव्या शतकातल्या दुष्काळापासून आयर्लंडने माणसे बाहेर पाठवली, आणि १९८० च्या दशकातही तरुण बोटीने इंग्लंड गाठत होते. १९८६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल संघाची सूत्रे जॅक चार्लटनकडे आली. हा स्वतः इंग्रज, १९६६ च्या विश्वविजेत्या इंग्लंड संघातला. त्याने ब्रिटनमध्ये वाढलेल्या, आईवडिलांकडून किंवा आजी-आजोबांकडून आयरिश असलेल्या खेळाडूंचा शोध घेतला. फुटबॉल संघटनेच्या एफ.ए.आय. या आद्याक्षरांचा अर्थ 'आणखी एक आयरिश माणूस शोधा' असा आहे, असा विनोद पबमधून फिरू लागला. परंतु १२ जून १९८८ रोजी श्टुटगार्टमध्ये आयर्लंडने इंग्लंडला १-० असे हरवले आणि तो गोल केला ग्लासगोत जन्मलेल्या रे हाउटनने. १९९० मध्ये संघ विश्वचषकाच्या उपान्त्यपूर्व फेरीपर्यंत गेला. त्यानंतर हाउटनचे स्कॉटिश वळणाचे बोलणे ऐकून तो परका आहे, असे म्हणण्याची सोय राहिली नाही. किंबहुना त्या उच्चारांत प्रत्येक घराला आपला परदेशी गेलेला काका ऐकू येऊ लागला. चार्लटनला १९९६ मध्ये मानद नागरिकत्व मिळाले. तोवर गप्पांनी ते त्याला कधीच देऊन टाकले होते.

हा बदल नाटककारांनी तत्काळ ओळखला. डर्मट बोल्जरच्या 'इन हाय जर्मनी' (१९९०) या एकपात्री नाटकातला डब्लिनचा तरुण युरो स्पर्धेतला सामना आटोपून हॅम्बुर्गच्या रेल्वे फलाटावर उभा आहे. घरी परतण्यासारखे घर त्याला उरलेले नाही. आपला देश त्याला सापडतो तो मैदानावरच्या त्या अकरा जणांत आणि गॅलरीतल्या त्याच्यासारख्याच विखुरलेल्यांत. उत्तर आयर्लंडमध्ये हाच प्रश्न जिवावर बेतणारा होता. मारी जोन्सच्या 'अ नाइट इन नोव्हेंबर' (१९९४) मधला बेलफास्टचा प्रोटेस्टंट कारकून १९९३ च्या सामन्यात आपल्याच बाजूच्या प्रेक्षकांचा द्वेष ऐकून हादरतो आणि १९९४ चा विश्वचषक पाहायला आयर्लंडच्या चाहत्यांबरोबर न्यूयॉर्कला जातो. १८ जून १९९४ रोजी तिकडे आयर्लंडने इटलीला हरवले. त्याच संध्याकाळी डाउन काउंटीतील लॉखिनआयलंड गावच्या पबमध्ये तो सामना पाहत बसलेल्या सहा कॅथलिक माणसांना निष्ठावादी बंदूकधाऱ्यांनी ठार केले. कोणत्या संघासाठी टीव्हीसमोर बसावे, एवढ्यावरून तिथे माणसाची ओळख ठरत होती.

पॉल मॅग्राची कथा आणखी वेगळी आहे. आई आयरिश, वडील नायजेरियन; जन्म लंडनचा, बालपण डब्लिनच्या अनाथालयांतले. २००६ च्या आत्मचरित्रात त्याने लहानपणी सोसलेल्या वर्णद्वेषाविषयी आणि मद्याच्या व्यसनाविषयी मोकळेपणाने लिहिले आहे. तरीही त्या पिढीच्या बोलण्यात त्याच्याइतके प्रेम क्वचितच कुणाच्या वाट्याला आले असेल. गुडघे निकामी झालेले असतानाही तो खेळत राहिला, हे लोक आजही सांगतात. हे प्रेम खरे आहे, याविषयी आम्हांला शंका नाही. पण एक अवघड प्रश्न उरतो : ज्या मुलाला रस्त्यावर हिणवले गेले तोच मुलगा हिरवी जर्सी घातल्यावर लाडका झाला, ज्यांना ती जर्सी मिळाली नाही, त्यांचे काय? जिंकणाऱ्याला दिलेला आपलेपणा हा सशर्त आपलेपणा असतो.

या सशर्ततेवर २००४ मध्ये घटनेचीच मोहोर उमटली. तोवर आयर्लंडच्या भूमीवर जन्मलेल्या प्रत्येकाला नागरिकत्वाचा हक्क होता. ११ जून २००४ च्या सार्वमतात सुमारे ७९ टक्के मतदारांनी तो मर्यादित करण्याचा कौल दिला. १ जानेवारी २००५ पासून परदेशी आईबापांच्या मुलांसाठी पालकांच्या वास्तव्याची अट आली. ग्लासगोत किंवा लंडनमध्ये जन्मलेल्या नातवाचा हक्क मात्र अबाधित राहिला. ब्लूमच्या व्याख्येचा दुसरा भाग घटनेने राखला आणि पहिल्या भागाला कात्री लावली. 'मी इथे जन्मलो' हे त्याचे उत्तर कायद्यानेही अपुरे ठरले, आणि तेही ब्लूमच्या त्या दिवसाची शताब्दी साजरी होण्याच्या पाच दिवस आधी. नायजेरियन आईबापांची धावपटू रॅसिडॅट अडेलेके डब्लिनमध्ये २००२ साली जन्मली, म्हणून ती जन्मसिद्ध नागरिक. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरच्या अंतिम शर्यतीत ती चौथी आली, तेव्हा टाला या उपनगराची मुलगी म्हणून साऱ्या देशात तिची चर्चा झाली. त्याच डब्लिनमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये स्थलांतरितांविरोधी दंगल उसळली होती, हेही विसरता येत नाही.

वंशाने मिळालेला हक्क निवडीवर अवलंबून असतो, हेही आयरिश चाहत्यांना कळून चुकले. कॉर्कचे आजी-आजोबा असलेला डेक्लन राइस २०१८ मध्ये आयर्लंडकडून तीन सामने खेळला आणि पुढच्या वर्षी इंग्लंडकडे गेला. ७ सप्टेंबर २०२४ रोजी डब्लिनमध्ये इंग्लंडने २-० असा विजय मिळवला. गोल राइसचा आणि कुमारवयात आयर्लंडकडून खेळलेल्या जॅक ग्रीलिशचा. इंग्लंडचा हंगामी प्रशिक्षक ली कार्सली, आयर्लंडकडून ४० सामने खेळलेला. प्रेक्षकांनी दोघा खेळाडूंची हुर्यो उडवली. परक्यावर माणूस असा रुसत नाही. तो रुसवा घरातून निघून गेलेल्यावरचा होता.

या बाबतीत आपण मराठी माणसांनी फार दूरस्थपणे बोलू नये. २०१७ मध्ये लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले, तेव्हा त्यांचे वडील मालवणजवळच्या वराड गावचे एवढ्या आधारावर इथल्या वर्तमानपत्रांनी त्यांना आपले म्हणून टाकले. आजीच्या गावावरून खेळाडू शोधणारा चार्लटन याहून वेगळे काही करत नव्हता.

अखेर पुन्हा क्यूसॅकच्या संघटनेकडे वळावे लागते. शॉन ओग ओ हॅल्पिन हा वडिलांकडून फरमाना काउंटीचा, आईकडून फिजीतील रोटुमा बेटाचा. बाप फरमानाचा, आई फिजीची आणि दोन्हींपैकी एकही हर्लिंगचा बालेकिल्ला नव्हे, असा मीहॉल ओ मुरहर्टी या समालोचकाच्या नावे सांगितला जाणारा विनोद आयर्लंडमध्ये तोंडोतोंडी आहे. या विनोदात परकेपणा कुठेच नाही. जो हर्लिंग खेळतो त्याच्या गावाची चौकशी होणारच, एवढेच त्यात गृहीत आहे. हे कुटुंब ऑस्ट्रेलियातून कॉर्कला आले आणि मुलगा जवळच्या क्लबात खेळू लागला. सप्टेंबर २००५ मध्ये कॉर्कचा कर्णधार म्हणून करंडक उंचावताना त्याने संपूर्ण भाषण आयरिश भाषेत केले.

त्याला या मैदानापर्यंत कशाने आणले? पॅरिशच्या नियमाने. इंग्रजी खेळांविरुद्ध उभ्या राहिलेल्या या संघटनेचा क्लब पारपत्र मागत नाही. मुलगा कुठे राहतो, एवढेच विचारतो. एकाच ठिकाणी राहणारे लोक, ही ब्लूमची हसण्यावारी नेलेली व्याख्या आज सर्वाधिक निष्ठेने अमलात येते ती सिटिझनने अभिमानाने मिरवलेल्या खेळांत. १ जानेवारी २००५ नंतर आयर्लंडमध्ये जन्मलेली मुले आता काउंटीच्या संघांत येण्याच्या वयाची झाली आहेत. त्यांच्यातल्या काहींची आडनावे पोलिश, नायजेरियन, केरळी असतील. सामन्यानंतर पबमध्ये त्यांचीही चौकशी होईल, तो कुणाचा मुलगा आणि कुठल्या रस्त्यावर राहतो अशी. ते चांगले खेळलेले नसतानाही ही चौकशी त्याच आपुलकीने झाली, तर ब्लूमला त्याचे उत्तर मिळाले असे म्हणता येईल.