तळघराची खिडकी

आमच्या वाड्याचं तळघर दुरुस्त करायचं ठरलं, तेव्हा वाद झाला तो खिडकीवरून. फरशी कुठली, रंग कुठला, यावर कुणी फार बोललं नाही. पुतणी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. आमच्या लातूर भागात उन्हाळ्यात दुपारी वरच्या खोलीत बसवत नाही, तळघर मात्र माठासारखं गार. म्हणून भावानं तिला खाली अभ्यासाची खोली करून द्यायचं मनावर घेतलं. पण खाली अंधार. परसाकडच्या भिंतीत नुसते दोन झरोके, बाहेरून वीतभर अन् आतून हातभर.

"ते काढून टाकू, मोठ्या सरकत्या खिडक्या बसवू," भाऊ म्हणाला.

मिस्त्रीनं भिंतीवर हात ठेवला. "तीन फुटांची भिंत हाय, मालक. भोक पाडायच्या आधी तिला इचारावं लागतंय."

त्याचं बोलणं माझ्या मनात राहिलं. भिंतीला विचारायचं म्हणजे तिच्यावर काय काय येऊन गेलं ते आठवायचं.

मराठवाड्यातले जुने वाडे, गढ्या बघा. रस्त्याच्या अंगाला खिडकी जवळपास नसतेच. सगळा उजेड आतल्या चौकातून. ऊन हे एक कारण, अन् दुसरं भीती. पेंढाऱ्यांच्या टोळ्या इंग्रजांनी १८१७-१८ च्या मोहिमेत मोडल्या, पण भिंती बांधणाऱ्या हातांतली भीती पुढं कित्येक पिढ्या गेली नाही. गढीच्या तटाला बंदुकीसाठी जंग्या ठेवत, तसेच आमचे झरोके. बाहेरून चोराचं डोकं शिरणार नाही इतके अरुंद. आत मात्र भिंत दोन्ही बाजूंनी तासलेली आणि खालचा दगड उतरता, म्हणजे आलेला थोडा उजेड पसरून जमिनीपर्यंत जावा. शाळा न शिकलेल्या गवंड्याचं हे गणित आहे.

तळघर मुळात माणसांसाठी नव्हतंच. तिथं ज्वारीच्या थप्प्या. धान्य साठवायची आमच्याकडं तीन ठिकाणं: घरातलं बळद, जमिनीतलं पेव आणि हे तळघर. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नाही. आधी कंदील सोडून बघतात. कंदील विझला तर माणूसही विझणार. बंद जागेत धान्य श्वास घेतं, वाईट हवा तळाशी जड होऊन बसते. पेवात गुदमरून माणसं गेल्याच्या गोष्टी जुन्या लोकांच्या तोंडी असत. झरोका उजेडापेक्षा हवेसाठी जास्त, हे आजी नेहमी सांगायची.

तिला ते अंगानं माहीत होतं. १९४८ साली आमचा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातुरातच वकिली केलेला माणूस. त्या पावसाळ्यात गावोगावची माणसं सोलापूर, बार्शीकडं निघून गेली. ज्यांना जाता आलं नाही ती घरात लपली. रझाकार आल्याची आवई उठली की गल्लीतल्या बायका-पोरी आमच्या तळघरात उतरायच्या. वरून जिन्याच्या तोंडावर फळी, फळीवर ज्वारीची पोती. आतला आवाज बाहेर जाऊ नये म्हणून झरोक्यात गोधडी कोंबलेली. आजी म्हणायची, "अंधाराचं भ्या न्हाई वाटलं. दम कोंडायचा त्याचं वाटलं. लेकरू रडाया लागलं की त्याच्या तोंडावर हात धरायचा, अन् हात किती येळ धरायचा ते कळायचं न्हाई."

१३ सप्टेंबरला भारताचं सैन्य आलं, १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. त्या दिवशी आपण झेंडा लावतो, ते योग्यच आहे. पण आजीची गोष्ट तिथं संपत नव्हती. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच तळघरात पुन्हा माणसं उतरली, आणि या वेळी ती गल्लीतल्या तांबोळ्याच्या घरची होती. रझाकारांच्या पापाचा हिशेब गावागावांत गरीब मुसलमानांकडून वसूल केला जात होता. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वांत जास्त होरपळले असं नोंदवलं. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. मेलेल्यांचा आकडा समितीनं अगदी हात राखून २७,००० ते ४०,००० सांगितला. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही.

आजोबांनी फळी उचलली, तांबोळ्याचं कुटुंब आत घेतलं, पोती पुन्हा वर रचली. झरोक्यात तीच गोधडी. आजी रात्री परसात जाऊन गोधडी जराशी ओढायची, आतल्यांना वारा लागावा म्हणून, अन् पहाटे परत कोंबायची. हे सांगताना तिनं कधी स्वतःचा मोठेपणा सांगितला नाही. एवढंच म्हणायची, "आमाला जो दम लागला तोच त्यास्नी लागला."

मग १९९३. ३० सप्टेंबरच्या पहाटे, चारला थोडं कमी असताना, किल्लारीचा भूकंप झाला. गणपती बुडवून गावं झोपलेली. आमच्याकडच्या भिंती बाहेरून मजबूत दिसत, पण दोन्ही तोंडांना दगड आणि मधे माती-गोट्यांची भर. आरपार जाणारा, दोन्ही बाजू बांधून ठेवणारा दगड नाही. धक्का बसला तशी दोन्ही तोंडं सुटली. वर माळवदाची माती, दरवर्षी थरावर थर चढवलेली, ती माणसांवर आली. ५२ गावं उठवून दुसरीकडं वसवावी लागली. आमचं गाव त्यांत नव्हतं. वाड्याला तडे गेले, पण तो उभा राहिला. आई मात्र पुढं कित्येक वर्षं अंगणात पत्र्याखालीच झोपली. "दार अडकलं तर निघायचं कुठून?" एवढंच तिचं म्हणणं.

आता खिडकी निवडायची होती ती या भिंतीत.

सिमेंटची जाळी स्वस्त, वारा चांगला, पण माणूस बाहेर निघत नाही. ॲल्युमिनियमची सरकती खिडकी दिसायला छान, पण उघडते अर्धीच. शिवाय नवी अडचण होती. गल्लीत सिमेंट रस्त्याचे थर चढत चढत गेले, परसही भरावानं वर आलं, त्यामुळं झरोके आता जमिनीपासून हातभरच राहिलेत. मोठ्या पावसात पाणी आत येतं, पाण्यामागून विंचू.

शेवटी मिस्त्रीचं ऐकलं. झरोके मोडायचे नाहीत, त्यांना फक्त काच आणि बारीक जाळी. नवी खिडकी चौकाच्या बाजूला, म्हणजे समोरासमोर हवा खेळेल. कोपऱ्यापासून लांब, भिंतीच्या मधोमध. आधी वर टेकू, मग अर्ध्या जाडीत तासून काँक्रीटचा पट्टा, तो धरला की उरलेली अर्धी जाडी. बाहेर छज्जा, समोर उतार करून पाण्याला नाली. आणि बिजागरीची पूर्ण उघडणारी झडप. गजाची चौकटही बिजागरीवरच, कडी आतून, कुलूप नाही. माप घेताना मिस्त्रीनं विचारलं, "किती मोठी?"

"पुतणी बाहेर निघंल एवढी," मी म्हणालो. भाऊ काही बोलला नाही. त्याला आई आठवली असावी.

काम चालू असताना तांबोळ्याचे चाचा आले. ४८ साली ते सहा वर्षांचे होते. काठी टेकत खाली उतरले, जुन्या झरोक्यापाशी गेले. म्हणाले, "अम्मा मला इथं उचलून धरायची. नाक लावायला." मग नव्या खिडकीकडं वळले. तिच्यातून चौकातली तुळस अन् वाळत घातलेल्या कुरडया दिसत होत्या. चाचा बराच वेळ तिथं उभे राहिले.

पुतणीनं त्यांना चहा आणून दिला. आता ती तिथंच अभ्यासाला बसते. परवा तिच्या पुस्तकात मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा धडा होता, पानभर. ती म्हणाली, "काका, यात तळघराचं काहीच नाही."

म्हणून हे लिहिलं.